कांद्याचं टेबल

माझी पाठ वळली तेवढ्यात सिल्वियानं माझ्या ताटातली एक कच्ची पिरोही, बटाटा भरून दुमडलेली, उचलली, ट्यूबलाइटखाली धरली आणि तिची कड पुन्हा दाबली. मग दुसरी उचलली. मग तिसरी. मी हात धुऊन परत येत होते, ती बेसिनपाशीच थांबले. विनिपेगातल्या आमच्या चर्चच्या तळघरात विकायच्या पिरोह्या करता करता वीस बायका एकदम बोलत होत्या, मोठ्या पातेल्यांतून वाफ उसळत होती, कुणीतरी पिठाच्या पोत्याला टेकून रेडिओतल्या गाण्याबरोबर गुणगुणत होतं, आणि या सगळ्या गलक्यात सिल्विया अगदी शांतपणे माझं काम दुरुस्त करत होती. तिचा चेहरा रागावलेला असता तर मला बरं वाटलं असतं. त्या चेहऱ्यावर दया होती. आजारी माणसाची उशी सारखी करताना आपल्या चेहऱ्यावर असते तशी. मी एकेचाळीस वर्षं दर मंगळवारी या तळघरात येते. त्यातली अकरा वर्षं कडा दाबायच्या टेबलाची मुख्य मी होते; आता सिल्विया आहे. सिल्विया लग्न होऊन या चर्चमध्ये आली तेव्हा तिला पिरोही आणि पावातला फरक कळत नव्हता म्हटलं तरी चालेल. तिचा अंगठा माझ्या अंगठ्याखाली धरून मीच तिला शिकवलं होतं. पारीत सारण ठेव, अर्ध्यात दुमड, आणि कड अशी दाब की उकळत्या पाण्यात तिनं तोंड उघडता कामा नये. सपाट कड. नक्षी नाही, नखरा नाही. हजार पिरोह्यांत माझी पिरोही मी डोळे झाकून ओळखत असे. कडेवर माझ्या अंगठ्याचा ठसा असायचा, डावीकडे किंचित कललेला. आता तोच ठसा सिल्विया पुसत होती.

मी खोकले. तिनं हातातली पिरोही पटकन खाली ठेवली आणि हसून म्हणाली, "स्तेफाकाकू, तुमची एक मदत हवी होती. पिशव्यांवर चिठ्ठ्या लिहायच्यात. या पोरींचं अक्षर कुणाला वाचता येत नाही. तुमच्यासारखं अक्षर इथे कुणाचं आहे?"

मी एप्रन झटकला आणि चिठ्ठ्यांच्या टेबलाशी जाऊन बसले. दुसरं काय करणार? भांडायला काही हातात नव्हतं. बटाटा-चीज, एक डझन. बटाटा-आंबट कोबी, एक डझन. मी दोनशे चिठ्ठ्या लिहिल्या, एकही अक्षर वाकडं काढलं नाही, आणि प्रत्येक चिठ्ठीगणिक मला आठवत राहिलं की सिल्वियाचं ते वाक्य माझ्या ओळखीचं आहे. शब्द वेगळे होते, पण चाल तीच होती. माणसाला त्याच्या जागेवरून उठवायचं असेल तर त्याच्या दुसऱ्या एखाद्या गुणाचं कौतुक करायचं, म्हणजे त्याला उठताना आभार मानावे लागतात. ही युक्ती सिल्वियानं कुठून उचलली, ते मला चांगलं माहीत होतं. मीच वापरली होती ती, याच तळघरात, आणि ज्या बाईवर वापरली ती बाई माझी आई होती.

घरी जाताना बसमध्ये खिडकीवर आतून बर्फ धरलं होतं. मी हातमोजा काढून उजवा अंगठा बघितला. दिसायला ठीक होता. मुळाशी जरा फुगलेला, बस. पण उन्हाळ्यापासून बरणीचं झाकण उघडेना झालं होतं, आणि पिरोही दाबताना तिसऱ्या-चौथ्या डझनानंतर त्या मुळातून अशी कळ यायची की डोळ्यांपुढे पांढरं व्हायचं. डॉक्टर म्हणाला होता, झीज आहे, वयाचं आहे. मी त्याला म्हटलं, डाव्या अंगठ्याचं वयही तेवढंच आहे हो, तो चाललाय ना. तो हसला. मला हसवायचं नव्हतं. मी कुणाला सांगितलं नाही, हालिनाला तर नाहीच. हालिना माझी मुलगी, पंचावन्न वर्षांची, शाळेची मुख्याध्यापिका. तिला काही सांगितलं की ती त्याची लगेच व्यवस्था लावते. मला व्यवस्था नको होती. मला माझा अंगठा हवा होता.

आईच्या पिरोह्या लहानपणी आम्ही ओळखत असू त्या सपाट कडेच्याच. सेल्कर्क रस्त्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनं चादरवजा कापड अंथरून ती त्या ओळीनं मांडायची, आणि आम्ही भावंडं त्यांच्यावरून बोट न लावता बोट फिरवायचो. आई संध्याकाळी शहरातल्या ऑफिसांच्या फरशा पुसायला जायची, तीस वर्षं गेली. तिचे हात मोठे होते, पुरुषासारखे, आणि पिरोही दाबताना त्या हातांत अचानक काहीतरी नाजूक यायचं. मला त्या हातांचा अभिमान होता. मग केव्हातरी, माझ्या लग्नाला पुष्कळ वर्षं होऊन मीच तळघरात मुख्य झाले त्या सुमाराला, तिच्या पिरोह्या बदलल्या. ती कड दाबायची थांबली आणि मुरड घालायला लागली. एक चिमूट दुमडायची, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, अशी पिरोहीच्या कडेला दोरीसारखी वेणी यायची. दिसायला सुरेख होतं, नाही कशाला म्हणू. पण आम्हाला दिवसाला तीनशे डझन करायच्या असत. बाकीच्या बायकांच्या दहा होईपर्यंत आईच्या चार व्हायच्या. बायका कुजबुजायला लागल्या, "स्तेफाची आई लेस विणायला आलीय वाटतं." मला लाज वाटली. मला वाटलं, लेक मुख्य झाली म्हणून ही मुद्दाम दाखवतेय की मला तुझा नियम लागू नाही. म्हाताऱ्या आयांना असा नखरा सुचतो, असं मी माझ्या नवऱ्यालाही म्हणाले होते. आणि एका मंगळवारी मी तिच्यापाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू येईल अशा गोड आवाजात म्हटलं, "आई, कांदा तुझ्याइतका बारीक इथे कुणालाच चिरता येत नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. हाताला लागलेलं पीठ बघितलं, ते एप्रनला पुसलं आणि म्हणाली, "बरं." पुढच्या मंगळवारी ती घरून स्वतःची सुरी पर्समध्ये घालून आली. सहा वर्षं ती कांद्याच्या टेबलाशी होती, शेवटच्या आजारपणापर्यंत. कांदा डोळ्यांना लागू नये म्हणून ती दातांत पावाचा तुकडा धरायची. त्यामुळे तिला बोलता यायचं नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते बरं वाटायचं.

चिठ्ठ्या लिहिल्या त्या डिसेंबरातल्या मंगळवारनंतर मी तळघरात गेले नाही. सर्दी आहे म्हटलं. मग थंडी फार आहे म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं, उणे तीसमध्ये विनिपेगात कुत्रंसुद्धा कारण काढून घरात बसतं. आमच्या चर्चनं नाताळ सात जानेवारीवरून पंचवीस डिसेंबरला आणला त्याला आता काही वर्षं झाली. माझ्या घरानं आणलेला नाही. माझ्या घरात नाताळच्या आदल्या रात्रीचं पवित्र जेवण सहा जानेवारीलाच होतं, पहिला तारा दिसल्यावर. मांस नाही, दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही, आणि पदार्थ बारा. अकरा नाही, बारा. गहू-खसखस-मधाची कुत्या, बीटचं सार, मासा, तांदळाचे कोबीत गुंडाळलेले रोल, राजमा, मशरूमचा रस्सा, असं करत करत बारा. टेबलक्लॉथखाली गवत. एक ताट जे गेले त्यांच्यासाठी, रिकाम्या खुर्चीपुढे. आणि मध्यभागी पिरोह्यांचं मोठं पातेलं, ज्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. एकेचाळीस वर्षांत ते पातेलं मी कुणालाही करू दिलं नव्हतं. यंदा तर आणखीच. यंदा माझी नात तालिया तिच्या होणाऱ्या नवऱ्याला आणणार होती, रोमेलला, आणि रोमेलची आईही येणार होती. लुडिविना तिचं नाव, मनिलाहून आलेली, चाळीस वर्षं इथे पार्का, म्हणजे थंडीचे जाड कोट, शिवायच्या कारखान्यात. हालिनाची होणारी विहीण. परक्या घरची बाई पहिल्यांदा माझ्या टेबलाशी बसणार, आणि तिच्यापुढे माझी पिरोही पाण्यात तोंड वासणार, हे चित्र मला रोज दिसायचं. भाजी चिरताना दिसायचं, चर्चमध्ये गुडघे टेकल्यावर दिसायचं. माझ्याजवळ देवापुढे मागण्यासारख्या मोठ्या गोष्टी होत्या, आणि मी मागत होते की कडा टिकू देत.

सहा तारखेला मी पाचला उठले. तेल-पाण्याचं पीठ मळलं, झाकून ठेवलं, बटाट्याचं सारण केलं. स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, घरात कुणी नव्हतं तरी. पहिल्या दोन डझनांपर्यंत अंगठा गुमान राहिला. मग कळ सुरू झाली. मी डाव्या हातानं दाबून बघितलं, मग दोन्ही हातांनी, मग टेबलाच्या कडेवर पिरोही टेकवून मुठीनं. कडा रुंद ठेवल्या, दाबायला जागा मिळावी म्हणून. साठ झाल्या. ओल्या फडक्याखाली त्या ओळीनं झोपलेल्या दिसत होत्या, चांगल्या दिसत होत्या, अगदी माझ्या दिसत होत्या. दुपारी पाणी उकळलं आणि मी चाचणी म्हणून सहा आत सोडल्या. पातेल्यापाशी उभी राहून मी त्यांच्याकडे बघत होते. दोन वर आल्या, गुबगुबीत, मोत्यासारख्या. मग पाण्यात एक पांढरा ढग उठला. मग आणखी एक. चार फुटल्या. रिकाम्या पाऱ्या पाण्यात जिभांसारख्या हलत होत्या आणि माझा बटाटा पातेलंभर झाला होता. मी गॅस बंद केला आणि स्टुलावर बसले. मी काही रडले वगैरे नाही. मला एवढंच वाटलं की या हातांनी आता माझ्याकडे पाठ केली आहे, आणि बाकीचं शरीर त्यांच्या मागोमाग जाणार.

हालिना तीन वाजता आली. चार पिशव्या, डोक्यावर टोपी, पायात बूट, आणि दारातूनच आवाज. "आई, दार का लावून घेतलंयस? काय जळलं का?" तिनं पातेल्यात बघितलं. डावानं एक रिकामी पारी उचलली आणि परत सोडली.

"फुटल्या," मी म्हटलं.

"दिसतंय. सिल्विया म्हणत होती मला."

"काय म्हणत होती?"

"काही नाही गं. काळजीनं म्हणत होती. आई, तू स्वतःला त्रास करून घेऊ नकोस. मला अंदाज होताच. मी तळघरातनं तीन डझन आणून ठेवल्या होत्या." तिनं पिशवीतून गोठलेल्या तीन पाकिटांचा ढीग काढून ओट्यावर ठेवला. "कुणाला कळणारसुद्धा नाही."

मला ब्रह्मांड आठवलं. सिल्वियाच्या पिरोह्या. माझ्या टेबलावर, माझ्या पातेल्यात, मेलेल्यांच्या ताटात. आणि मग मी वरच्या पाकिटावरची चिठ्ठी वाचली. सुबक अक्षर, एकही वेलांटी वाकडी नाही. माझंच होतं ते.

"हालिना, काय लिहिलंय वाच."

"बटाटा..." ती थांबली. "अगं बाई."

"पुढे वाच ना. मुख्याध्यापिका ना तू."

"चीज. तिन्हींवर," ती म्हणाली, आणि टोपी काढून खुर्चीत बसली. पवित्र जेवणाला चीज! हे तिच्या आजीनं ऐकलं असतं तर कबरीतून उठून आली असती. मला हसू यायला लागलं आणि ते आवरेना. हालिनालाही आलं. आम्ही दोघी त्या गोठलेल्या पाकिटांपुढे वेड्यासारख्या हसलो, आणि हसता हसता मला दिसत होतं की प्रश्न सुटलेला नाही, आता पातेल्यात काहीच नाही. हालिनानं डोळे पुसले आणि लगेच व्यवस्था लावली. "बरं, ऐक. लुडिविना शेवया आणतेय भाज्या घालून. तिनं मला तीनदा फोन करून विचारलं, मांस नाही, अंडं नाही, दूध नाही ना, म्हणून. म्हणजे पदार्थ बारा होतात. पिरोह्या नसल्या तरी बारा होतात, आई."

ती हे माझ्या भल्यासाठी बोलत होती. पण मला ऐकू आलं ते वेगळंच. बारा होतात, पिरोह्या नसल्या तरी. म्हणजे मी नसले तरी.

लुडिविना आली ती रोमेल-तालियाबरोबर, ताऱ्याच्या तास-दीड तास आधीच. ठेंगणी बाई, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, चेहरा सतत आता हसणार असा. कोट काढायच्या आधी तिनं शेवयांचा ट्रे माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "ताई, तेलाचं पाकीटसुद्धा वाचून घेतलंय मी. चुकलं असेल तर बाहेर बर्फात टाका, मला वाईट वाटणार नाही." मग तिनं नाक वर केलं, स्वयंपाकघरात वास घेतला, पातेलं बघितलं, फडकं बघितलं. काही विचारलं नाही. हात धुतले आणि टेबलाशी बसली. हालिना तिला बाहेरच्या खोलीत बसवायला आली तेव्हा म्हणाली, "मी पाहुणी जेवताना होईन." तिनं फडकं उचललं, एक पिरोही तळहातावर घेतली. मला वाटलं, आता ही पण दाबणार. पण तिनं पिरोही तशीच माझ्यापुढे धरली. "तुम्ही कड छान रुंद ठेवलीय. हिला जरा मुरड घालू का? तुमच्यासमोर घालते. नाही आवडली तर मोडा."

माझ्या स्वयंपाकघरात असं कुणी मला विचारल्याचं मला आठवत नाही. विचारायची वेळच मी कुणावर आणली नव्हती. मी म्हटलं, "घाल."

तिनं अंगठा वापरलाच नाही, हे मला सगळ्यात आधी दिसलं. कड तर्जनीच्या बाजूवर टेकवली, चिमूटभर आत वळवली, वळलेल्या टोकावर पुढची वळवली, आणि मनगट हळूहळू फिरत गेलं. पिळणं नाही, जोर नाही. पिरोही तिच्या हातात फिरली आणि कडेवर दोरी उमटली. "आमच्याकडे एम्पनादा करतात, अशाच सारण भरून दुमडलेल्या, त्यांना अशी घालतात," ती म्हणाली. "माझी आई घालायची. मी लहान असताना कंटाळा यायचा मला, मी सरळ काट्यानं दाबून टाकायचे. आता हेच जमतं. अंगठे गेले ना. चाळीस वर्षं पार्क्याच्या चेनी लावल्या." तिनं दोन्ही अंगठे मला दाखवले. मुळाशी फुगलेले. "दाबायचं म्हटलं की जीव जातो. वळवायला काय लागतं? वळवायला जोर लागत नाही."

मी तिच्या अंगठ्यांकडे बघत होते आणि मला तिचे अंगठे दिसत नव्हते. मला फरशी पुसायचं ओलं फडकं पिळणारे हात दिसत होते, तीस वर्षं, रोज संध्याकाळी, बादलीवर. पुरुषासारखे मोठे हात. ते हात सपाट कड दाबायचे, आणि एक दिवस त्यांनी दाबायचं सोडून वळवायला घेतलं, आणि मी समजले की म्हातारीला नखरा सुचलाय. तिला नखरा सुचला नव्हता. तिचे अंगठे गेले होते. ती तेव्हा बहात्तर वर्षांची होती आणि तिच्या पिरोह्या फुटू नयेत म्हणून तिनं त्या वयात एक नवी गोष्ट शिकून घेतली होती, कुणाला न सांगता, कारण तिला व्यवस्था नको होती. मी तिला कांद्यावर बसवलं. गेलेल्या अंगठ्यांनी ती सहा वर्षं सुरी धरत होती. आणि तोंडात पाव होता.

"ताई?" लुडिविना म्हणाली.

"दाखव परत," मी म्हटलं. "हळू."

पहिल्या तीन मी बिघडवल्या. चौथीला दोरी आली, वाकडी, पण आली. अंगठ्याच्या मुळात काही झालं नाही. मी पुढची घेतली. आम्ही चोपन्न पिरोह्यांना मुरड घातली, समोरासमोर बसून, आणि लुडिविना मला रोमेलच्या लहानपणाच्या गोष्टी सांगत होती. त्यातली एक त्यानं पॅन्टच्या खिशात मासा लपवल्याची होती. मी ऐकत होते आणि ऐकत नव्हतेही. माझी बोटं आईच्या बोटांमागून जात होती आणि प्रत्येक वळणावर मला वाटत होतं की हे मी आधी केलंय. केलं नव्हतं. फक्त बघितलं होतं, रागानं. रागानं बघितलेलंही हात लक्षात ठेवतात, हे मला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कळलं. पहिल्या दहा पाण्यात सोडल्या तेव्हा हालिनाही येऊन उभी राहिली. पाणी उकळलं. एक वर आली. दुसरी आली. दहाच्या दहा आल्या, आणि पाणी आरशासारखं स्वच्छ राहिलं. हालिना म्हणाली, "आई!" आणि व्यवस्था लावायच्या ऐवजी तिनं झारा माझ्या हातात दिला. चांगलं झालं.

कांदा राहिला होता. पिरोह्यांवर त्या दिवशी लोणी नाही, तेलात परतलेला कांदा. हालिनानं सुरी घेतली तशी मी ती तिच्या हातातून काढून घेतली. "मी चिरणार," मी म्हटलं. हालिनानं सवयीनं पावाचा तुकडा पुढे केला. आमच्या घरात सगळे तसंच करतात, आजीकडून आलेलं. मी तो बाजूला ठेवला. मला बोलायचं होतं. चार मोठे कांदे होते, आणि मी चिरता चिरता सगळं सांगितलं, हालिनाला, लुडिविनाला, आणि दारात येऊन उभ्या राहिलेल्या तालियाला. सिल्वियानं काय केलं ते सांगितलं. माझा अंगठा सांगितला. आणि मग, जे मी माझ्या नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही, ते सांगितलं. आजीला मी तिथून उठवलं. गोड बोलून उठवलं. तिला जमत नव्हतं म्हणून नाही, तिला जमत होतं. माझ्याहून चांगलं जमत होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलं नाही. ते कांद्याचं आहे असंही म्हटलं नाही.

हालिना हळूच म्हणाली, "आजी कधी काही बोलली नाही त्याबद्दल."

"तिच्या तोंडात पाव होता," मी म्हटलं.

लुडिविनानं माझ्या हातातली सुरी घेतली नाही. माझ्या बाजूला उभी राहून ती चिरलेला कांदा फक्त कढईत लोटत राहिली. तालियाला बाहेर पाठवलं; घरात सगळ्यात लहान तीच, सत्तावीस वर्षांची, तेव्हा तारा बघायचं काम तिचं. ती आणि रोमेल पार्का घालून पायरीवर उड्या मारत उभे राहिले, आणि पाचनंतर थोड्या वेळानं तिची किंकाळी आली, "आला! आजी, आला! नाहीतर विमान असेल, पण मला गोठायला होतंय, आम्ही आत येतोय!"

तोवर हालिनाचा नवरा आणि घरची बाकी मंडळीही आली होती; आम्ही दहा जण बसलो. मेणबत्ती लावली, कुत्या फिरवली. टेबलावर पदार्थ मोजले तर तेरा झाले, शेवयांसकट. हालिनानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, उकडलेल्या फळांचं पाणी हे पेय आहे, ते पदार्थात धरायचं नाही. माझी आई धरायची, पण तिला पुष्कळदा बारा भरत नसत. शेवया राहतील. लुडिविनाचा चेहरा असा उजळला की मला माझ्या निकालाचा अभिमान वाटला. मग पिरोह्यांचं पातेलं आलं. हालिनाच्या नवऱ्यानं एक काट्यावर उचलून चहूबाजूंनी बघितली. "वा! लुडिविनाबाई, काय हात आहे तुमचा!"

"ही माझ्या आईची मुरड आहे," मी म्हटलं. जरा मोठ्यानंच म्हटलं गेलं. "पारास्काची. लुडिविनाच्या आईचीही तीच होती. आज दोघींची एकाच पातेल्यात आहे. खा आता, गार होतील."

ते खायला लागले. मी आधी खाल्ली नाही; मी त्यांना खाताना बघत होते, आणि माझ्या मनात काय होतं ते सांगायला मला संकोच नाही. मला माझा अभिमान वाटत होता. अंगठा गेलेल्या बाईचा, आणि तिच्या अंगठा गेलेल्या आईचा. तालिया रिकाम्या खुर्चीपुढचं ताट घेऊन आली. "आजी, पणजीला किती वाढू?"

"सहा."

"कुठल्या? तुझ्या केलेल्या काढून दे ना."

मी पातेल्यात बघितलं. हजारांत माझी पिरोही ओळखणारी मी, पण तिथे दोन बायकांच्या हातच्या दोऱ्या एकमेकींत अशा मिसळल्या होत्या की माझी कुठली ते मला सांगता येईना. "वाढ कुठल्याही," मी म्हटलं. तिनं सहा वाढल्या, वर कांदा घातला. मी त्यावर आणखी चमचाभर घातला. बारीक चिरला होता. आईइतका नाही.

सुट्ट्या संपल्या की पहिल्या मंगळवारी मी लुडिविनाला घेऊन तळघरात जाणार आहे. बसनं जाऊ, ती माझ्या स्टॉपवर चढेल. मी चिठ्ठ्यांच्या टेबलाशी जाणार नाही, दाबायच्या टेबलाशी बसेन, माझ्या जागेवर, आणि बाकीच्या बायकांच्या दहा होईपर्यंत माझ्या चार होतील. सिल्विया येईल. माझी पिरोही उचलेल, ट्यूबलाइटखाली धरेल. धरू दे. तिचेही अंगठे साठीला आलेत, तिला बघून ठेवायला हवंच. हवा तेवढा वेळ तिनं बघावं. मी पाठ वळवणार नाही.